समुद्राजवळच्या शेतावर घरच्यांना घेऊन राहायला जायचंय? आधी ओहोटीची आणि धारांची वेळ विचारा

शेतावर राहायचं आणि शेजारी समुद्र पण पाहिजे, असा प्लॅन करताना बहुतेक जण नेहमीच्या ट्रिपसारखंच करतात. आधी तारखा, मग बुकिंग, मग काय काय बघायचं त्याची लिस्ट. इथे हा क्रम उलटा करावा लागतो, कारण या सुट्टीत दिवस आपल्या हातात नसतो, तो गोठा आणि समुद्र ठरवतात. गाईंच्या धारा ठरल्या वेळेलाच निघणार, तुम्ही झोपलेले असलात म्हणून कोणी थांबणार नाही, आणि ओहोटी तर कोणासाठीच थांबत नाही. या दोन वेळा आधी माहीत असल्या की बाकी सगळं मधल्या वेळात बसतं, आणि माहीत नसल्या की रोज सकाळी पोरांना "आत्ताच संपलं रे, उद्या बघू" हे ऐकवत बसायची वेळ येते.

तर आधी जागा. नावात फार्म असलं म्हणजे तिथे शेती असतेच असं नाही. लॉन, स्विमिंग पूल, दोन ससे आणि फोटो काढायला एक बैलगाडी, असल्या जागा भरपूर आहेत. तशा ठिकाणी जायचं असेल तर जा, पण मग ते रिसॉर्ट आहे हे डोक्यात ठेवून जा. इटलीने १९८५ मध्ये शेतावरच्या पर्यटनासाठी कायदा केला त्यातच हे लिहून टाकलं की शेती हा मुख्य धंदा राहिला पाहिजे आणि पाहुणचार हा त्याला पूरक, आणि जागा निवडताना मी पण हीच कसोटी लावते. ओळखायला एकच प्रश्न पुरतो, "आम्ही येऊ त्या आठवड्यात शेतात काय काम चालू असेल?" खरा शेतकरी असेल तर तो सांगत सुटेल, अमुक तुकड्यात काढणी असेल, एक गाय विणार आहे, अंडी उबायला ठेवलीत. "मॅडम भरपूर ॲक्टिव्हिटीज आहेत" एवढंच उत्तर आलं की समजून जायचं.

दुसरं म्हणजे "समुद्राजवळ" या शब्दावर अजिबात विश्वास ठेवायचा नाही. मॅपवर सॅटेलाइट व्ह्यू लावा आणि घरापासून पाण्यापर्यंत बोट फिरवत जा. सरळ रेषेत पाऊण किलोमीटर दिसतं आणि मधे खाडी असते, म्हणजे पुलावरून वळसा घालून गाडीने अर्धा तास. नाहीतर घर कड्यावर असतं, व्ह्यू झकास, पण खाली उतरायला दगडी पायऱ्या, आणि जाताना जो उतार तोच येताना चढ, तो पण ओल्या कपड्यात, झोपेला आलेलं पोर कडेवर घेऊन, भर उन्हात. आजी-आजोबा बरोबर असतील तर त्यांच्यासाठी ते रोजचं शक्यच नाही. म्हणून मालकांना असं विचारा की तुमची स्वतःची पोरं समुद्रावर कशी जातात, चालत की गाडीने, आणि किती वेळ लागतो. मग खरा आकडा कळतो.

फोनवर बोलताना बाकीचं पण तिथेच विचारून घ्या, मेसेजवर अर्धी उत्तरं मिळतात. धारा किती वाजता, पोरांना गोठ्यात येऊ देता का, कुत्री किती आणि मोकळी असतात का, विहिरीला कठडा आहे का, शेततळं आहे का आणि त्याला कुंपण आहे का, तेव्हा दुसरं कोणी राहायला असणार आहे का, लाइट गेली तर काय, रेंज कुठल्या कंपनीची येते, जवळचा दवाखाना किती लांब, जेवणाचं तुम्ही करता की आम्ही, आणि आमच्याकडे कोणाला काय चालत नाही. पाण्याचं वेगळं विचारा. किनाऱ्याजवळच्या विहिरीतून जास्त उपसा झाला की समुद्राचं पाणी जमिनीखालून आत सरकतं आणि विहीर मचूळ होते. अशा पाण्यात साबणाला फेस येत नाही, केस राठ होतात, आणि प्यायला तर ते उपयोगाचंच नाही. प्यायचं पाणी वेगळं येतं का हे आधी कळलं तर तिथे जाऊन कॅन शोधत फिरावं लागत नाही. हे सगळं विचारल्यावर कोणी वैतागलं तर तोही एक प्रकारे उत्तरच समजा.

तारखा भरती-ओहोटी बघून ठरवा

जगातल्या बहुतेक किनाऱ्यांवर दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते, दोन भरत्यांमधे साधारण १२ तास २५ मिनिटं, म्हणून दुसऱ्या दिवशी तीच वेळ सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते. हे ५० मिनिटांचं गणित सुट्टीत फार कामाला येतं. पहिल्या दिवशी सकाळी आठला ओहोटी असेल तर सातव्या दिवशी ती दुपारी एकच्या आसपास गेलेली असते, म्हणजे आठवड्याच्या सुरुवातीला सकाळी समुद्र आणि शेवटी शेवटी सकाळी शेत, हे आपोआपच ठरतं. मधे धारांच्या वेळेशी टक्कर होणारे एक-दोन दिवस येतातच, तेव्हा पोरांना विचारा काय पाहिजे ते. (बहुतेक वेळा वासरू जिंकतं.)

त्यात परत अमावस्या-पौर्णिमा. त्या सुमाराला, म्हणजे त्या दिवशी किंवा पुढचे एक-दोन दिवस, उधाणाची भरती असते, पाणी नेहमीपेक्षा जास्त वर चढतं आणि ओहोटीला नेहमीपेक्षा जास्त खाली जातं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, तेव्हा दोन्हीतला फरक कमी. खडकांच्या खळग्यांतले खेकडे, शंख, समुद्रफुलं बघायची असतील तर उधाणाच्या दिवसांतली ओहोटी बेस्ट, कारण एरवी पाण्याखाली असलेला खडक तेव्हाच उघडा पडतो. अगदी लहान पोरांना नुसतं वाळूत खेळवायचं असेल तर भांगाचे दिवस निवांत, पाणी फार लांबही जात नाही आणि अंगावरही येत नाही. बुकिंगच्या आधी कॅलेंडर काढून एवढं बघितलं तरी बरंच काम होतं.

पण टेबल मात्र त्याच किनाऱ्याचं बघा. कॅनडातल्या फंडीच्या उपसागरात भरती-ओहोटीतला फरक १६ मीटरपर्यंत जातो, भूमध्य समुद्रावर बऱ्याच ठिकाणी तो जेमतेम लक्षात येतो, मेक्सिकोच्या आखातात काही ठिकाणी दिवसातून एकदाच भरती येते. म्हणजे एका जागचा अंदाज दुसरीकडे चालत नाही. आणि घड्याळ उन्हाळ्यात तासभर पुढे करणाऱ्या देशात असाल तर टेबलमधे तो तास धरलाय का ते बघा, काही टेबलांत धरलेला नसतो.

खडकांवर जायचं तर ओहोटीच्या तळाच्या तास-दीड तास आधी जायचं, पाणी उतरत असताना त्याच्या मागे मागे पुढे जायचं, आणि पाणी वळलं की निघायचं. पाणी सगळीकडे सारख्या वेगाने चढत नाही हे लक्षात ठेवा. भरतीचे सहा तास धरले तर पहिल्या तासात एकूण चढाच्या बाराव्या हिश्शाएवढंच पाणी येतं, दुसऱ्यात दोन हिस्से, तिसऱ्या आणि चौथ्यात तीन-तीन, मग परत दोन आणि एक. म्हणजे पहिला तास "अजून वेळ आहे" असं वाटत राहतं आणि मधल्या दोन तासांत निम्मं पाणी भसकन येतं. आणि ते समोरून येईल असं धरू नका. आधी तुमच्या मागे, खडक आणि किनारा यांच्या मधल्या सखल पट्टीत, वाळूवर बोटभर रुंदीची पाण्याची रेघ दिसते, जरा वेळाने ती घोट्याएवढी होते, आणि आपण समोर खेकडा बघत वाकलेलो असतो. ती रेघ दिसली की खेकडा सोडून निघायचं. फोनला अलार्म लावून ठेवा, कारण रमलेल्या पोरांना आणि बापांना वेळेचं भान नसतं.

वाऱ्याचं पण एक टाइमटेबल असतं. शाळेत शिकलेले खारे वारे आणि मतलई वारे इथे उपयोगी पडतात. दिवसा जमीन तापते, वारा समुद्राकडून येतो, दुपारी तो जोरात असतो, रात्री आणि पहाटे उलटा, जमिनीकडून समुद्राकडे. म्हणून हवामान ठीक असेल तर सकाळी पाणी शांत आणि दुपारनंतर चॉपी. पतंग उडवायचा तर दुपारी. हवा भरलेल्या रिंगा, गाद्या वगैरे मात्र सकाळी जमिनीकडून वारा असताना पाण्यात नेऊच नका, त्या पोरासकट आत जातात, आणि खरं सांगायचं तर त्या घरीच ठेवा. अजून एक, गोठा आणि शेणखताचा ढीग घराच्या समुद्राकडच्या बाजूला असेल तर दुपारी सगळा वास तुमच्या खोलीत येणार. फोटोत हे दिसत नाही, विचारावं लागतं.

दिवस कसा जातो

रोज एकच मोठी गोष्ट. सकाळी गोठा, मग ओहोटी असेल तसा समुद्र, दुपारी झोप किंवा पत्ते, संध्याकाळी परत जनावरं. आजूबाजूचे किल्ले, दीपगृह, मार्केट हे एखाद्या दिवशी ठीक, रोज गाडी काढायची असेल तर मग शेतावर राहायचं कशाला, हॉटेल बरं. पोरांना पहिल्याच दिवशी मालकांना विचारून एक-एक काम ठरवून द्या, कोणी अंडी गोळा करायची, कोणी कोंबड्यांचं पाणी बदलायचं, आणि ते काम शेवटपर्यंत त्याचंच. रोज नवीन ॲक्टिव्हिटी देण्यापेक्षा हे जास्त चालतं, कारण तिसऱ्या दिवशी त्या पोराला माहीत झालेलं असतं की तांबडी कोंबडी खुराड्यात अंडं न घालता चाऱ्याच्या मागे घालते, आणि ते मालकांनाही माहीत नसलं तर मग विचारूच नका. टीनएजर मंडळींसाठी रेंज नसणं हे सुरुवातीला संकट असतं, त्यांना अवघड काम द्या, चारा उतरवणं, पाइप ओढणं, होतं मग ठीक. अंडी उबवायला ठेवली असतील तर तारीख विचारा, कोंबडीची पिल्लं २१ दिवसांनी बाहेर येतात, बदकाची साधारण २८, तो दिवस तुमच्या मुक्कामात पडत असेल तर दुसरं काही ठरवू नका.

एवढं मात्र आहे, मालक कामात असतात. काढणीच्या आठवड्यात ते तुमच्याशी गप्पा मारायला बसणार नाहीत आणि ते रागावलेत असंही नसतं.

हात धुणं, आणि ते साबणानेच

याच्यावर मी जरा जास्त लिहिणार, कारण लोक हे हसण्यावारी नेतात. गाई, शेळ्या, मेंढ्या अगदी ठणठणीत असल्या तरी त्यांच्या पोटात ई. कोलाय ओ१५७ हा जंतू असू शकतो, त्यांना काही होत नाही, लहान पोरांना मात्र रक्ताची हगवण आणि काहींच्या किडनीपर्यंत जातं. २००९ मध्ये इंग्लंडमधे पर्यटकांसाठी खुल्या असलेल्या एका शेतावरून ९३ जणांना याची लागण झाली आणि त्यात बहुतांश दहा वर्षांखालची पोरं होती. तर जनावराला, कुंपणाला, चाऱ्याच्या बादलीला हात लावला की वाहत्या पाण्याखाली साबणाने हात धुवायचे, तुमच्या देखरेखीखाली. सॅनिटायझरवर भागवू नका, मातीने-शेणाने भरलेल्या हातावर ते नीट काम करत नाही आणि क्रिप्टोस्पोरिडियमसारख्या परजीवीवर तर त्याचा उपयोगच नाही. गोठ्यात खाणं बंद, अंगठा चोखणाऱ्या पोराकडे लक्ष, बाळाची चोखणी घरात ठेवून यायची, बूट दाराबाहेर. धारोष्ण दूध पिऊन बघायची हौस असेल तर सोडून द्या, उकळलेलंच प्या. घरात कोणी गरोदर असेल तर विणाऱ्या शेळ्या-मेंढ्यांपासून, त्यांच्या करडा-कोकरांपासून आणि त्यांच्यात काम केलेल्यांच्या कपड्यांपासूनही लांब राहायचं, त्यातून बाळाला धोका होईल असे संसर्ग होऊ शकतात. म्हणून मेंढ्या विण्याच्या सीझनमधे तारखा घेऊच नका. धनुर्वाताचं इंजेक्शन सगळ्यांचं झालंय का तेही निघायच्या आधी बघा.

शेतावरचे धोके पोरांना पहिल्याच दिवशी चालत फिरून दाखवा, तोंडी सांगून लक्षात राहत नाही. सगळ्यात वाईट शेततळं, प्लॅस्टिक अंथरलेलं असेल तर. वरून ते खेळायला बोलावतंय असं दिसतं, पण त्या कागदावर शेवाळ धरलं की पाय ठरत नाही, चारी बाजू उताराच्या, आणि आत गेलेल्याला पोहता येत असलं तरी बाहेर यायला धरायला काही नसतं. कुंपण नसेल तर लहान पोरं घेऊन ती जागा घेऊच नका, मालक कितीही चांगले असोत. शेण-मुताच्या बंद टाक्या पण तशाच, ढवळल्या की विषारी वायू सुटतो, एकाला काढायला दुसरा उतरतो आणि दोघंही जातात. ट्रॅक्टरवर "फक्त एक चक्कर" नाही, मडगार्डवर बसून तर नाहीच. गाय आणि तिचं वासरू यांच्या मधे जायचं नाही. झटक्याचं कुंपण कुठलं ते दाखवून ठेवा. फवारणी झालेल्या तुकड्यात शिरायचं नाही. रात्री बाहेर टॉर्च आणि बूट, सकाळी बूट झटकून घालायचे.

समुद्राचं, लाइफगार्ड असलेला किनारा जवळ असेल तर पोहायला तोच, जरा लांब पडला तरी. बऱ्याच देशांत लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधला भाग म्हणजे लाइफगार्डची नजर असलेला, नुसता लाल म्हणजे पाण्यात जायचं नाही. आत ओढणारा प्रवाह असतो तो भाग उलट शांत दिसतो, दोन्हीकडे लाटा फुटतायत आणि मधे एक गडद गुळगुळीत पट्टा, आणि नवखी माणसं नेमकी तिथेच उतरतात. सापडलात तर किनाऱ्याकडे झुंजत पोहू नका, दमून जाल, तरंगत राहा, हात वर करा, जमलं तर किनाऱ्याला समांतर बाजूला सरका आणि मग किनाऱ्याकडे या. आकाश निरभ्र आहे म्हणून लाटा लहान असतील असं नाही, लांबच्या वादळाच्या लाटा दोन दिवसांनी इकडे पोचू शकतात.

बॅगेत

बुटांचे दोन जोड, एक चिखलाचा, एक पाण्याचा, आणि दोन्ही एकमेकांच्या जागी वापरायचे नाहीत. जुने कपडे भरपूर. दोरी आणि चिमटे नक्की घ्या, कारण खाऱ्या पाण्यात भिजलेला टॉवेल नुसता वाळत टाकला तर वाळल्यासारखा वाटतो आणि संध्याकाळी परत दमट, मीठ हवेतलं पाणी ओढतं ना, म्हणून आधी गोड्या पाण्यातून काढून मग दोरीवर. साबणाची वडी, टॉर्च, ओआरएस, ॲलर्जीच्या गोळ्या (गवत आणि धूळ दोन्ही असतं), रोख पैसे, ओहोटीच्या टेबलचा प्रिंट. मॅप ऑफलाइन करून ठेवा.

तिथे असताना फाटकाचा नियम पाळा. उघडं दिसलं तर उघडं ठेवा, बंद दिसलं तर आपल्या मागे बंद करा, "मी आपलं लावून टाकलं" असा शहाणपणा नको, पलीकडे जनावरांचं पाणी असू शकतं. उरलेलं अन्न जनावरांना घालायच्या आधी विचारा, डुकरांना तर घालूच नका, मांसाच्या तुकड्यातून आफ्रिकन स्वाइन फीव्हर हा डुकरांचा रोग पसरतो आणि म्हणून कित्येक देशांत स्वयंपाकघरातलं खरकटं डुकरांना घालायला कायद्याने बंदी आहे.

निघायच्या आदल्या संध्याकाळी बुटांचे तळवे ब्रशने धुवा, खाचांतली माती काढून, आणि पोरांच्या कानामागे, काखेत, गुडघ्यामागे गोचीड बघा. लगेच दुसऱ्या शेतावर जाणार असाल तर ही माती घेऊन जाणं म्हणजे त्यांच्या जनावरांकडे रोग घेऊन जाणं होऊ शकतं. परदेशातून येत-जात असाल तर अमेरिका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड यांच्या प्रवेशाच्या फॉर्मवर शेतावर गेला होता का असा प्रश्न असतो, तिथे खरं काय ते "हो" लिहा, बूट दाखवा, स्वच्छ असतील तर फारसा त्रास होत नाही. घरी आल्यावर पुढच्या दोन आठवड्यांत कोणाला जुलाब झाले, त्यातून रक्त दिसलं, तर जुलाब थांबवायची गोळी स्वतःहून देऊ नका, डॉक्टरकडे जा आणि आम्ही शेतावर होतो, जनावरांत होतो, हे त्यांनी विचारायची वाट न बघता सांगा.